खडकातलं उखळ

“म्याडम, ह्यो खडक आतनं धड हाय का, जरा बघा की.”

हवालदार यल्लाप्पा धोत्रे लंगरासमोरच्या कातळावर उकिडवा बसला होता. लंगर म्हणजे चौकीचं स्वयंपाकघर, दगड रचून वर ताडपत्री टाकलेलं. सकाळचं ऊन नुकतंच नाल्यापर्यंत उतरलं होतं. मी खिशातला हातोडा काढला आणि कातळावर जागोजागी ठोकून पाहिलं. बहुतेक ठिकाणी बसका आवाज आला. एका जागी मात्र कातळ खणखणीत वाजला.

“इथे,” मी म्हटलं. “बाकीचा वरून तडकलेला आहे. वितळलेलं पाणी भेगेत शिरतं, रात्री गोठतं, फुगतं आणि दगड फोडतं. इथे भेग नाही.”

“आमचा बा पाथरवट, त्यो बी असाच ठोकून बघायचा. त्येला बर्फाचं ठाऊक न्हवतं, पर आवाज ठाऊक हुता.”

“पण हवाय कशाला?”

“उखळ कोरतो.”

आतून लांगरी गुरव बाहेर आला. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. त्याच्या हातात हेल्मेट होतं आणि हेल्मेटात लाल मिरच्यांचा चेंदामेंदा.

“किती दिवस मागं लागलोय त्याच्या, म्याडम. डब्यातल्या मसाल्याला वास ना चव. वाळक्या मिरच्यांचं पोतं पडलंय, लसूण पडलाय, आणि कुटायचं कशात? ह्यात! हेल्मेटातला ठेचा खाऊन पोरांची तोंडं कशी झालीत बघा.”

“तोंडं आधीपासनं तशीच हायत,” यल्लाप्पा म्हणाला.

“सुट्या दगडाचं का नाही करत?” मी विचारलं. “खडकात कोरायला वेळ लागेल.”

“सुटं केलं तर पुढली पलटण उचलून न्हील. हे कोन नेतंय?”

“पहाऱ्यावरनं आलो की हात घालतो,” तो म्हणाला. मी माझ्या कामाला खाली नाल्यावर गेले.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट केली होती आणि हिमनदीतून वितळून येणारं पाणी मोजायला माझ्या संस्थेने मला त्या उंचावरच्या नाल्यावर पाठवलं होतं. नावामागे डॉक्टर लागत असल्यामुळे पहिल्या आठवड्यात अर्धी चौकी भेगाळलेल्या टाचा घेऊन माझ्या तंबूपाशी आली. मी दगडांची डॉक्टर आहे हे कळल्यावर मंडळी हिरमुसली. टाचा दाखवायची काही थांबली नाहीत.

चौकी उन्हाळ्याची होती. बर्फ वितळलं की पलटणीची एक तुकडी वर यायची आणि मागची खिंड बंद होण्याआधी खाली उतरायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. चौकी डोंगराच्या एका धारेवर, धारेखाली नाला, नाल्यापलीकडे एक मोठी सपाटी. तिथे खालच्या गावातले मेंढपाळ उन्हाळ्यात जनावरं चारायचे. सपाटी आपली होती. ऑगस्टमधल्या एका सकाळी आम्ही उठलो तर तिच्या पलीकडच्या टोकाला सीमेपलीकडच्या फौजेचे हिरवे तंबू उभे होते आणि एक माणूस तिपाईवर दुर्बीण लावून आमच्याकडे पाहत होता.

गोळी कोणीच झाडली नाही. झाडायची नाही असा दोन्हीकडचा शब्द होता. पक्कं बांधकाम करायचं नाही असाही होता. दर आठवड्याला नाल्यातल्या वाळूच्या पट्ट्यावर दोन्हीकडचे अधिकारी भेटायचे, एकमेकांचा निषेध करायचे, सिगरेटी द्यायचे आणि परतायचे.

उखळाची गोष्ट निघाली त्या दुपारी मी पाण्यात उभी राहून वेग मोजत होते तेव्हा मेजर पोन्नप्पा खाली आले. मेजर कुर्गचे. मराठी त्यांनी पलटणीत जवानांकडून उचलली होती, त्यामुळे इंग्रजीत ते अतिशय सभ्य वाटायचे आणि मराठीत कोल्हापूरच्या तालमीतले.

“बाई, हिकडं या. पान्याच्या आवाजात बोललेलं बरं.”

मी काठाशी आले.

“हुकूम आलाय सकाळी. दरसालासारखं खाली उतरायचं.”

“आणि हे?” तंबूंकडे मान न वळवता मी विचारलं.

“त्येच तर. ते कशाची वाट बघत बसलेत? त्यांना ठाऊक हाय ही चौकी उन्हाळ्याची. आपुन उतरलो की ते ह्या धारेवर चढनार. मे महिन्यात आपुन वर येऊ तवा ते हितं चहा पीत बसलेले असतील. वर आपल्यालाच विचारतील, काय काम काढलंत?”

“वरच्यांना सांगितलंत हे?”

“सांगून सांगून दमलो. हिवाळ्याचा शिधा मंजूर न्हाई. का, तर बोलनी चालू हायत. अवो, हितली चौकी रिकामी दिसली तर तिकडं बोलायची गरज कुनाला?” त्यांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला. “पर एक गोष्ट हाय. त्यांची खिंड आपल्यापेक्षा उंच. ती आधी बंद हुते. आपुन थंडीभर हितंच ऱ्हानार असं त्यांना वाटलं, तर त्यांना आधी ठरवावं लागंल, ऱ्हायचं का जायचं. समोर भरलेली चौकी आन सोता तंबूत. कोन काढंल असा हिवाळा? जातील. त्यांची खिंड बंद झाली की मग आपुन खुशाल उतरू.”

“आणि त्यांना तसं नाही वाटलं तर?”

“तर ही धार गेली. माझ्या हातनं गेली.”

हे शेवटचं ते इंग्रजीत बोलले.

“जवानांना माहीत आहे?”

“न्हाई. कळलं की मानसं मनातनं उतरायला लागतात. मग ते चालन्यात दिसतं, बसन्यात दिसतं. आन समोर तो दुर्बीणवाला हाय.”

“मग मला का सांगितलंत?”

“तुमच्या चेहऱ्यावर तसंबी काय दिसत न्हाई.”

तेवढ्यात वरून आवाज यायला लागला. टक्, टक्, टक्. दरीत तो आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता.

“हे काय?” मेजर म्हणाले.

“उखळ.”

“क्काय?”

मी सांगितलं. माझं बोलणं पुरं होण्याआधी ते धार चढायला लागले होते. मीही मागोमाग गेले. वर चारपाच जवान गोळा झाले होते आणि यल्लाप्पा कातळावर एक गोल आखून मधोमध छिन्नी चालवत होता. आमच्या बरोबर समोर, नाल्यापलीकडे, दुर्बीण याच दिशेला वळली होती.

“यल्लाप्पा, काय चाललंय?”

“उखळ, साब. ठेच्याला.”

“किती दिवस लागनार?”

“दसऱ्यापातुर उरकतो. मग थंडीभर चैन.”

मेजरांनी एकदा समोरच्या दुर्बिणीकडे पाहिलं. बंद कर म्हणावं तर तो का म्हणून विचारणार. आपण थंडीत इथे नाही, हे एकच उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं.

“साब, नको का?”

“मी कुठं नको म्हनलो? आवाज जरा कमी कर.”

“आवाज कमी करून दगड कसा कोरायचा, साब?”

“ते तुझं तू बघ,” मेजर म्हणाले. जवान हसले. परत जाताना मेजर माझ्याशेजारून गेले आणि पुटपुटले, “ह्यो मानूस माझं कोर्टमार्शल करवनार. तिकडनं हे पक्कं बांधकाम दिसतंय.”

त्यानंतर टकटक रोजचीच झाली. पहाऱ्यावरून मोकळा झाला की यल्लाप्पा कातळावर बसायचा. छिन्न्या बोथट व्हायच्या, त्या गुरव चुलीत लाल करून द्यायचा. एकदा मी पाहिलं तर समोर दुर्बिणीशेजारी आणखी एक दुर्बीण आली होती, आणि एक जण कॅमेऱ्याने फोटो काढत होता. मेजरांनी जेवण कमी केलं. रात्रीचा खोकला वाढला.

पुढच्या भेटीला मलाही जावं लागलं, कारण पाण्याची उंची मोजायला मी नाल्यात रोवलेल्या खांबाबद्दल त्यांनी आदल्या आठवड्यात निषेध नोंदवला होता. त्यांचे अधिकारी उंच, शांत गृहस्थ होते. बोलण्याआधी हातमोजे काढायचे आणि नीट जुळवून खिशात ठेवायचे. दुभाष्या गोल चेहऱ्याचा, तरुण. तो हिंदी कुठून शिकला होता कोण जाणे, पण बोलायचा आकाशवाणीच्या बातम्यांसारखं.

माझ्या खांबाचं प्रकरण लगेच मिटलं. मी त्यांना त्यावरचे आकडे दाखवले, अधिकाऱ्यांनी मान हलवली. मग दुभाष्या मेजरांकडे वळला.

“आमच्या अधिकाऱ्यांचं असं निवेदन आहे की, आपण या क्षेत्रात तोफेसाठी आधार निर्माण करत आहात.”

“कसली तोफ?” मेजर मराठीतच म्हणाले.

“खडकात गोल छिद्र. आमच्या समोर. छायाचित्रं उपलब्ध आहेत.”

थांबवतो म्हटलं तर दबल्यासारखं. थांबवत नाही म्हटलं तर तोफ. त्यांनी काही बोलण्याआधी मी बोलून गेले. मला बोलायचं नव्हतं, पण विधान चुकीचं होतं आणि चुकीचं विधान समोर तसंच पडलेलं मला पाहवत नाही.

“ते स्वयंपाकाचं भांडं आहे.”

दुभाष्याने माझ्याकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“अधिकारी विचारतात, डोंगरात कोरलेलं भांडं?”

“हो. मिरच्या आणि लसूण कुटायला.”

बराच वेळ त्यांचं आपसात बोलणं झालं. मग दुभाष्या म्हणाला, “अधिकाऱ्यांची इच्छा आहे की मी ते प्रत्यक्ष पाहावं.”

लंगर चौकीच्या भिंतीबाहेर, नाल्याच्या बाजूला होतं. तिथे आल्याने त्याला काही नवं दिसणार नव्हतं. पण माणसं दिसणार होती, जवळून. मेजर माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, “काय करू?”

“सामानाची बांधाबांध कुठेच झालेली नाही,” मीही हळूच म्हटलं. “कोणाला माहीतच नाही.”

“एकटा,” मेजर त्याला म्हणाले. “हत्याराशिवाय.”

तो आला. चढावर त्याला धाप लागली. कातळापाशी पोचला तेव्हा यल्लाप्पा अर्धा वाकून खड्ड्यातली भुकटी फुंकून काढत होता.

“जरा सरक, बाबा. उनात येतोयस.”

दुभाष्या बाजूला सरकला. मग खाली बसला, हातमोजा काढला आणि खड्ड्यात हात घातला. कोपर बुडेल इतकं ते अजून खोल नव्हतं. कडेवरून बोटं फिरवली. आतून गुळगुळीत झालं होतं. तोफ असती तर गुळगुळीत कशाला केलं असतं, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर मला वाचता आला. किंवा वाचता आला असं वाटलं.

गुरव भाकरीच्या तुकड्यावर ठेचा घेऊन उभाच होता. “पाव्हणा आलाय, खाऊन जाऊ दे. हेल्मेटातलाच हाय म्हणावं, उखळाचा पुढल्या खेपेला.”

त्याने खाल्लं. क्षणभर काही झालं नाही. मग त्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या आणि तो खोकत कातळावरच टेकला.

“पानी नको, साखर द्या!” गुरव ओरडला आणि आत धावला. मेजरसुद्धा हसले. दुभाष्याने साखर तोंडात टाकली, डोळे पुसले आणि तोही हसला. पहिल्यांदाच त्याचं वय दिसलं. पंचविशीच्या आतलाच असावा.

मग नाक पुसता पुसता, अगदी सहज, त्याने यल्लाप्पाला हिंदीत विचारलं, हे काम पुरं कधी होणार?

“अजून चार बोटं खोल जायचंय. दसऱ्याला पुजनार,” यल्लाप्पाने फौजी हिंदीत सांगितलं.

“त्यानंतर?”

“त्यानंतर काय? कुटायचं.”

“पण हिवाळ्यात आपण खाली जाता.”

मेजर माझ्या डावीकडे उभे होते. त्यांचे हात कोटाच्या खिशात होते.

यल्लाप्पाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बढाईही नव्हती. त्याला प्रश्नच कळला नव्हता. रस्ता विचारणाऱ्या माणसाने भलत्याच गावाचं नाव घ्यावं, तसं त्याने दुभाष्याकडे पाहिलं.

“खाली?” तो म्हणाला. “तुमी समोर बसला असताना? आमी कुठं जानार?”

मग माझ्याकडे वळून मराठीत, “म्याडम, ह्येला काय झालंय? मिरची डोक्यात गेली का?”

दुभाष्या त्याच्याकडे पाहत राहिला. यल्लाप्पाने छिन्नी पुन्हा लावली, पण ठोका दिला नाही. पाहुणा जवळ होता, कपची उडाली असती. दुभाष्याने खड्ड्याच्या कडेवर हात ठेवला आणि मला विचारलं, “विदुषी आपण आहात. असं भांडं किती वर्षं टिकतं?”

“रोज वापरलं तर तळ झिजतो,” मी म्हटलं. “पण हा ग्रॅनाइट आहे, आणि या जागी भेग नाही, मी स्वतः तपासली आहे. शंभर वर्षं तरी काही होणार नाही.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याने मान हलवली, यल्लाप्पाला नमस्कार केला, गुरवाने कागदात बांधून दिलेली मिरच्यांची पुडी घेतली आणि उतरून गेला. वाळूच्या पट्ट्यावर त्याचे अधिकारी अजून तसेच उभे होते. तो त्यांच्याशी बोलत असताना ते आमच्या धारेकडे पाहत होते. मग त्यांनी हातमोजे काढले तसेच जुळवून परत घातले.

मेजर लंगराच्या भिंतीला टेकून बसले.

“शंभर वर्षं, बाई?”

“कमीच सांगितली.”

दसऱ्याला उखळाची पूजा झाली. झेंडूची फुलं नव्हती, म्हणून गुरवाने पिवळ्या ताडपत्रीचे तुकडे कापून माळ केली. त्या दुपारी ठेचा खाऊन पलटणीतले पैलवान रडले. तंबू मात्र समोर होतेच. आमची खिंड कधी बंद होईल याचा अंदाज मेजर मला रोज विचारू लागले, आणि मी रोज सांगत होते की आकाशावरून उद्यापरवाचंच सांगता येतं, याहून जास्त सांगितलं तर ते ज्योतिष होईल.

“मग ज्योतिष सांगा,” ते एकदा चिडून म्हणाले. उतरायची तारीख जवळ येत होती. ती ओलांडणं त्यांच्या हातात नव्हतं.

एका सकाळी गुरव पाण्याला गेला आणि रिकामे डबे घेऊन धावत परत आला.

“साब! उठलं त्यांचं बिऱ्हाड!”

आम्ही सगळे भिंतीपाशी गेलो. दोन तंबू खाली आले होते, तिसरा उतरत होता. खेचरांवर ओझी चढत होती. जवानांमध्ये कुजबुज सुरू झाली, कोणीतरी शीळ घातली.

“गप!” मेजर दबक्या आवाजात म्हणाले. “कोनी हात हालवायचा न्हाई. कोनी वरडायचं न्हाई. आपल्याला काय त्याचं? कामं करा आपापली. गुरव, पानी आन. यल्लाप्पा, कूट काय तरी.”

“काय कुटू? सगळं कुटून झालंय.”

“मग मीठ कूट!”

यल्लाप्पाने मीठ कुटलं. त्या आवाजात समोरची रांग सपाटी ओलांडून डोंगराला लागली. दुपारपर्यंत ती खिंडीच्या तोंडाशी काळ्या दोऱ्याच्या टाक्यांसारखी दिसत होती, मग दिसेनाशी झाली. तिपाईच्या जागी तीन खळगे उरले. दोनतीन दिवसांत त्या बाजूला ढग बसले आणि उठले तेव्हा त्यांची खिंड पांढरी झाली होती. मी दुर्बिणीतून पाहून सांगितलं, बंद झाली. मेजरांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. त्या रात्री त्यांचा खोकला ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना लंगरासमोर बोलावलं आणि उतरायचा हुकूम सांगितला. हुकूम आधीच आला होता, तो का लपवला, तेही सांगितलं. मंडळी खूश झाली. घरी जायला कोणाला आवडत नाही? एकटा यल्लाप्पा जागेवरून हलला नाही.

“कधी आला हुता हुकूम, साब?”

“तू उखळ सुरू केलंस त्या दिवशीच.”

“म्हंजे म्या त्या गड्याला खोटं बोललो.”

“तू कुठं खोटं बोललास? तुला ठाऊक न्हवतं.”

“त्येच म्हंतो. म्या खरं बोललो आन तुमी त्येचं खोटं केलंत.”

हवालदाराने मेजरांशी असं बोलायचं नसतं. मेजर रागावतील असं मला वाटलं, पण ते पुढे आले आणि यल्लाप्पाच्या समोर कातळावर बसले.

“यल्लाप्पा, तुला आधी सांगितलं असतं आन तोच प्रश्न त्यानं विचारला असता, तर काय म्हनला असतास?”

“तेच म्हनलो असतो. जानार न्हाई म्हनून.”

“आन?”

यल्लाप्पाने उखळाच्या कडेवरचं मीठ बोटाने पुसलं.

“आन त्येनं वळखलं असतं,” तो शेवटी म्हणाला.

“मला विचारलं असतं तरी वळखलं असतं. म्हनून मी तोंड शिवून उभा हुतो. त्यांनी तुझं ऐकलं, माझं न्हाई.”

“ते ठीक हाय, साब. पर आता धा मानसं ठेवा. म्या ऱ्हातो. माझा शब्द ऱ्हाईल.”

“शिधा न्हाई रे.”

“मीठ हाय,” गुरव मागून म्हणाला. कोणीतरी हसलं, आणि मग यल्लाप्पाही नाइलाजाने हसला. पण उतरताना सबंध वाटेत तो मेजरांशी एक शब्द बोलला नाही.

तो हिवाळा मी पुण्यात काढला. आकडेमोड केली, अहवाल लिहिला. पण पेपर उघडला की आधी सीमेवरची बातमी शोधायचे. त्यांच्या खिंडीला दुसरी वाट नव्हती असं नकाशा सांगत होता, पण नकाशा आम्हीच केलेला होता. आम्ही गेल्याचं त्यांना कुठून तरी कळलं असेल, ते परत आले असतील, धारेवर चढले असतील. यल्लाप्पाच्या चेहऱ्यावर त्या दुभाष्याने जे पाहिलं ते मी पुन्हा पुन्हा आठवायचे आणि तेवढं पुरेसं होतं का, असं स्वतःला विचारायचे. याला मोजमाप नव्हतं.

मे महिन्यात पहिल्या तुकडीबरोबर मी वर गेले. माझा खांब बर्फाने वाकवला असणार, तो सरळ करायचा होता. मेजर पुढे होते. शेवटच्या वळणाआधी, जिथून चौकी आणि पलीकडची सपाटी एकदम दिसायला लागते, तिथे ते थांबले आणि बाजूला झाले.

“तुमी बघा, बाई.”

“तुम्हीच बघा ना.”

“मी बघितलं तर मला तंबूच दिसतील,” ते म्हणाले. “तुमी बघा आन जे हाय ते सांगा.”

मी वळणावर गेले, कोपर एका दगडावर टेकवलं आणि दुर्बीण लावली. हवा स्वच्छ होती. डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत गेले. आधी धार, मग नाला, मग सपाटी.

“तंबू?” मेजर मागून म्हणाले.

“नाही.”

“धूर?”

“नाही.”

“चौकीवर?”

“ताडपत्री उडून गेली आहे. बाकी जसं होतं तसं.”

“पावलं? नीट बघा. बर्फात पावलं दिसतील.”

मी पुन्हा एकदा सगळी सपाटी पाहिली. घाई केली नाही.

“एक रांग आहे,” मी म्हटलं. “पलीकडून आलेली.”

“पलीकडून!”

“कोल्हा आहे, मेजर.”

मी वळून पाहिलं तर मेजर पोन्नप्पा बर्फात मटकन बसले होते. दोन्ही हात तोंडावर होते आणि खांदे हलत होते. ते हसत होते हे कळायला मला जरा वेळ लागला. तेवढ्यात मागून यल्लाप्पा पाठीवर पिठाचं पोतं घेऊन आला. काय झालं, हे त्याने विचारलं नाही. मेजरांशी गेल्या ऑक्टोबरपासूनचं पहिलं वाक्य तो तिथे बोलला.

“साब, वाटेत बसू नका. मागं खेचरं खोळंबल्यात.”